लूकचे चोवीस अध्याय, डिसेंबरच्या चोवीस रात्री

26 डिसेंबरच्या दुपारी कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरांत एक ठरलेली मरगळ असते. चकलीचा डबा निम्म्यावर आलेला, पातेल्यात कालचा पांढरा रस्सा, दारातला तारा उन्हात फिकट, आणि महिनाभर राबलेली घरची बाई भिंतीला टेकून बसलेली. ‘झाला एकदाचा सण’ हे वाक्य त्या दिवशी किती घरांत उच्चारलं जात असेल! खर्च, दगदग, पाहुणे, दिखावा, सगळ्याला नावं ठेवून होतात. पण दगदग दिवाळीतही असते आणि दिवाळीनंतर कुणी देवाला प्रश्न विचारत बसत नाही. नाताळचं तसं नाही. मेंढपाळांना देवदूतानं सांगितली ती मोठ्या आनंदाची बातमी, तीही सगळ्या लोकांसाठी. तो आनंद फराळासोबत संपत असेल, तर एक तर बातमी खोटी किंवा आपण ती पुरती ऐकलेली नाही.

आपण ती पुरती ऐकत नाही, असं माझं मत आहे. 24 तारखेच्या रात्रीच्या उपासनेत बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या कहाणीच्या, दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचनं वाचली जातात, गाणी होतात, केक कापला जातो आणि गोष्ट तिथंच थांबते. लूकचं शुभवर्तमान मात्र 24 अध्यायांचं आहे. जे दोन शब्द देवदूत दुसऱ्या अध्यायात उच्चारतो, तेच लूक अगदी शेवटी पुन्हा लिहितो: प्रभू स्वर्गात घेतला गेल्यावर शिष्य ‘मोठ्या आनंदाने’ यरुशलेमेस परतले. गव्हाणीपाशी सुरू झालेला आनंद तिथं पोचतो. मधल्या एकवीस अध्यायांत त्या आनंदाला भूक, निंदा, विश्वासघात, क्रूस आणि कबर या सगळ्यांतून जावं लागतं. एवढ्यातून पार पडलेला आनंद 26 डिसेंबरच्या मरगळीला घाबरत नाही. आपण मात्र त्याची पहिली वीस वचनं घेतो आणि मग तो टिकत नाही म्हणून कुरकुरतो.

उपाय साधा आहे आणि बऱ्याच मंडळ्यांत माहीतही आहे: 1 डिसेंबरपासून रोज रात्री एक अध्याय. जी तारीख, तोच अध्याय, म्हणजे खूण ठेवायचीही गरज नाही. (अध्यायांचे हे तुकडे लूकने पाडलेले नाहीत, ते तेराव्या शतकात पडले. आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग, त्यात गूढ शोधू नये.) आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे आठवडे, खरं तर नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही. रविवारच्या चार मेणबत्त्या लावायच्या तर जरूर लावाव्यात. अनेक ठिकाणी तिसरी गुलाबी असते, ती आनंदाची. पण घरच्या वाचनासाठी 1 तारीखच सोयीची.

वेळेचा हिशेब आधी मांडून ठेवलेला बरा. सगळी मिळून 1151 वचनं, म्हणजे रोजची सरासरी 48. मोठ्यानं, न अडखळता वाचलं तर आठ-दहा मिनिटं लागतात. पण सरासरी फसवी असते. पहिल्याच अध्यायात 80 वचनं आहेत. पहिल्या रात्री सगळं घर उत्साहात बसतं, पंधरा मिनिटांनी धाकटं पेंगायला लागतं, आणि दुसऱ्या रात्री ‘आज राहू दे’ सुरू होतं. म्हणून पहिला अध्याय दोन बैठकांत घ्यावा: जखऱ्या, अलीशिबा आणि मरीया सकाळी, योहानाचा जन्म रात्री. 22 वा अध्याय 71 वचनांचा आहे, त्यालाही हेच करावं. उलट 15 वा आणि 16 वा अनुक्रमे 32 आणि 31 वचनांचे. त्या रात्री लवकर सुटका.

वेळ कुठली? गावाकडं धारा आणि वैरण उरकल्याशिवाय कुणी बसत नाही, शहरात सातला मालिका, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळी असेल तर घरातलं एक माणूस नेहमीच गैरहजर. सगळे जमतील अशी वेळ शोधत बसलात तर महिना जाईल. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी, जे हजर आहेत त्यांनी वाचावं. पाळीवरच्याला फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, तो सुटीत ऐकतो. ताटं उचलल्यावर कुणीही परत बसत नाही.

वाचणारा रोज बदलावा. वडीलच रोज वाचायला लागले की चौथ्या दिवशी त्यांचा आवाज पाळकसाहेबांसारखा होतो आणि वाचनाचं प्रवचन होतं. वाचनानंतर लांबलचक प्रार्थना हाही तसाच घात. प्रार्थना दोन-तीन वाक्यांची पुरे. अर्थ समजावायचा मोह टाळावा, मुलांनी विचारलं तर सांगावं. आणि जिला वाचता येतं पण नीट दिसत नाही, अशा आजीसाठी मोठ्या टाईपचं पुस्तक आणावं. आजीचं वाचन संथ असतं, पण तिच्या तोंडून मरीयेचं स्तोत्र ऐकणं वेगळंच.

बुडालेले दिवस हा सगळ्यात मोठा धोका. लग्नाला गेलात, ताप आला, 6, 7 आणि 8 राहिले. 9 तारखेला माणूस चार अध्याय एकदम वाचायला बसतो आणि त्या रात्रीनंतर पुस्तक कायमचं बंद होतं. राहिलेलं सोडून द्यावं आणि 9 तारखेला नववाच अध्याय उघडावा. हे कर्ज नाही, थकबाकी चढत नाही.

2 तारखेला गव्हाण येते आणि ‘इतक्यात कशी?’ म्हणून मुलं नाराज होतात. इथं थोडं थांबायला हवं, कारण या जिल्ह्याला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. कैसर औगुस्ताची आज्ञा झाली, नावनोंदणीसाठी नासरेथहून बेथलेहेमला जायचं, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, कोल्हापूर ते सातारा किंवा त्याच्याही पलीकडं. बाई दिवस भरत आलेली. डिसेंबरात आपल्याकडं गळीत हंगाम ऐन भरात असतो. बीडकडून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, रानाच्या कडेनं उभ्या असतात, पहाटे अंधारात बायका फडात उतरतात, त्यांत पोटुशा असतात, आणि गावापासून लांब, पाचटाच्या आडोशाला बाळंतपणं होतात. गव्हाणही इथं पाहिलेली असते. कडेचा सिमेंट जनावरांच्या जिभांनी गुळगुळीत झालेला, तळाशी कालच्या वैरणीचा ओला चोथा, वर उसाचं वाडं, आणि म्हशीच्या उच्छ्वासाची ऊब. चर्चमधल्या देखाव्यात कापसाचा बर्फ पसरायची गरजच काय? थोडा कडबा आणावा, वाळलेलं गवत आणावं. फक्त दिव्यांची माळ त्या गवतातून फिरवू नये. स्वस्त माळेची जोडणी तापते आणि सुकं गवत पेट घ्यायला वेळ लावत नाही. माळ वरच्या लाकडाला बांधावी आणि रात्री घरी जाताना बटण बंद करावं.

त्याच अध्यायात म्हातारा शिमोन बाळ हातात घेऊन देवाची स्तुती करतो आणि लगेच मरीयेला सांगतो की तुझ्याही जिवातून तरवार जाईल. नाताळच्या कार्डावर हे वाक्य कुणी छापत नाही. लूकला मात्र आनंद सांगताना तरवार लपवावीशी वाटत नाही.

3 तारखेला वंशावळ येते आणि इथंच पुष्कळांची गाडी रुतते. योसेफापासून मागं मागं जात सत्त्याहत्तर नावं. गाळू नयेत. हेळवी दारात बैल थांबवून, वही उघडून घराण्याच्या पिढ्या वाचतो, त्या चालीवर वाचावीत. मुलांना मजा येते आणि दोन मिनिटांत काम होतं. शेवटची दोन पावलं नीट ऐकू येतील अशी म्हणावीत: आदामाचा, देवाचा. आपलंही घराणं तिथंच कुठंतरी येऊन मिळतं.

8 तारीख या सगळ्या विषयाचा कणा आहे. पेरणाऱ्याचा दाखला. खडकावर पडलेलं बी म्हणजे जे वचन ऐकून आनंदानं घेतात, पण त्यांना मूळ नसतं. थोडा काळ विश्वास धरतात आणि कसोटीच्या वेळी गळून जातात. येशूनं आनंद खोटा होता असं म्हटलेलं नाही. आनंद खराच होता, माती चार बोटं होती. 24 तारखेच्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात डोळ्यांत पाणी येतं तेही खरंच असतं. पन्हाळ्याच्या उताराला ज्यांची शेतं आहेत त्यांना मुरमाड रानातलं पीक ठाऊक असतं: पहिल्या पावसाला सगळ्यांत आधी हिरवं होतं, आणि उघडीप पडली की सगळ्यांत आधी माना टाकतं.

10 तारखेला सत्तर जण हर्षानं परत येतात, भुतंही आम्हांला वश होतात म्हणून. येशू त्यांचं कौतुक करतो आणि आनंदाचं कारण बदलायला सांगतो: वश झालेल्या भुतांचा आनंद नको, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत त्याचा असू दे. मंडळीतल्या कामसू माणसांनी ही रात्र चुकवू नये. कॅरल झकास झाली, नाटिकेला टाळ्या पडल्या, वर्गणी मागच्यापेक्षा जास्त जमली, यावर ज्याचा नाताळ उभा आहे, त्याचा पुढच्या वर्षी माईक बिघडला की कोसळतो.

मधल्या रात्री मी भरभर सांगतो. 15 तारखेला हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि हरवलेला मुलगा, तिन्ही ठिकाणी सापडल्यावर आनंद, कुठं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावणं, कुठं मेजवानी. आणि थोरला मुलगा मात्र दाराबाहेर फुगून उभा. सणाच्या तोंडावर ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला फोन करायचा तर याच रात्री. 19 तारखेला जक्कय झाडावरून उतरून आनंदानं येशूला घरी नेतो, निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायला निघतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करायचं कबूल करतो. आनंद झाल्याचा एवढा रोख पुरावा दुसरा नाही.

यानंतर अवघड आठवडा. 20 तारखेपासून घरात तेल, मैदा, साखर. लक्ष्मीपुरीतून किराणा आलेला, बेकरीत नानकटाई भाजायला द्यायची रांग, तरुण संघाची कॅरल रात्री अकरापर्यंत. आणि नेमक्या याच वेळी वाचनात वल्हांडणाच्या जेवणाची खोली, गेथशेमाने हे नाव लूकमध्ये नसलं तरी जैतुनाच्या डोंगरावरचा घाम, पेत्राचा नकार. 23 तारखेला क्रूस. ‘ऐन सणात हे कशाला?’ हा आक्षेप दर वर्षी निघतो, बहुतेक घरातल्या थोरांकडून. आक्षेपात तथ्य आहे. मुलांच्या तोंडात लाडू आणि कानावर खिळे हे विचित्र वाटतंच. तरीही ती रात्र गाळली तर 24 वा अध्याय हवेत राहतो.

23 व्या अध्यायात एक गंमत दडलेली आहे, ती गंभीर वाचनात निसटते. पिलात येशूला हेरोदाकडं पाठवतो आणि येशूला पाहून हेरोदाला फार आनंद होतो. लूक हे स्पष्ट लिहितो, आठव्या वचनात. हेरोदाला किती दिवसांपासून त्याला भेटायचं होतं, काहीतरी चमत्कार बघायला मिळेल अशी आशा होती. येशू काही उत्तर देत नाही. अकराव्या वचनापर्यंत हेरोद शिपायांसह थट्टा करून, झगझगीत वस्त्र घालून त्याला परत पाठवतो. तीन वचनं टिकलेला आनंद! येशू समोर उभा होता, तरी टिकला नाही, कारण हेरोदाला तमाशा हवा होता. रोषणाई, ड्रोन, डीजे, नवं झगझगीत वस्त्र, यांची यादी मी करत बसत नाही.

व्यवहाराचं एक: 23 तारखेला कढई गॅसवर ठेवून वाचायला बसू नये. शंकरपाळीचा घाणा निम्म्यात सोडून गॅस बारीक केला, तर उरलेली तेल पितात. पूर्ण घाणा काढावा, कढई उतरवावी, मग बसावं. (शंकरपाळीचं प्रमाण विचारणारे असतातच: एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप एकत्र गरम करून साखर विरघळवायची, गार झाल्यावर मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या. तूप जास्त झालं तर तेलात विरघळतात, कमी पडलं तर दात पाडतात. आच मोठी करू नये, नाहीतर बाहेरून लाल आणि आत कच्ची. डब्यात पूर्ण गार झाल्यावरच भरावी.)

फराळाच्या ताटांचा क्रमही यातूनच ठरतो. नहेम्याच्या पुस्तकात लोक नियमशास्त्र ऐकून रडायला लागतात तेव्हा त्यांना सांगितलं जातं की आज दुःख करू नका, चांगलंचुंगलं खा-प्या, आणि ज्यांच्याकडं काही तयार झालेलं नाही त्यांना वाटे पाठवा. परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ. देवाच्या आनंदाच्या वाक्याला ताट चिकटलेलं आहे, हे विसरलं जातं. आपल्याकडं ताटं बहुधा त्या घरी आधी जातात जिथून दिवाळीला आणि ईदला ताट आलेलं असतं. ती परतफेड, तीही हवीच, रिकामं ताट परत करू नये हा रिवाज चांगलाच आहे. पण पहिलं ताट, 24 तारखेला दुपारीच, त्या घरी जावं जिथं यंदा कुणी गेलं आहे आणि कढई चढलेली नाही. तिथं ‘हॅपी ख्रिसमस’ ओरडू नये. बसावं, गेलेल्याचं नाव काढावं, चहा दिला तर घ्यावा. साखरेचा आजार असलेल्यांच्या घरी लाडवाऐवजी चिवडा न्यावा. हे कुणाला सांगायला नको, तरी दर वर्षी चुकतं. आणि जवळपास कोपी असेल तर एक डबा तिकडं, मुलांच्या हातात.

कॅरलवाल्यांनाही हाच क्रम लागू. सगळ्यात आधी अंथरुणाला खिळलेल्यांची घरं, कारण रात्री दहानंतर त्यांच्या दारात ढोलकी वाजवणं म्हणजे शिक्षा. एका घरी दोन गाणी आणि एक छोटी प्रार्थना, दहा मिनिटांत बाहेर. पेटीवाल्यानं पट्टी खाली ठेवावी. पहिल्या घरी वरच्या पट्टीत गायला जोर येतो, आठव्या घरी मुलांचे आवाज फाटतात आणि मग गाण्याऐवजी आरडाओरडा होतो.

24 तारखेचा अध्याय चर्चला जायच्या आधी, संध्याकाळी पाचलाच वाचून घ्यावा. त्यातले सगळे आधी दुःखी असतात: बायका कबरेशी गोंधळलेल्या, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघं म्लान चेहऱ्याचे, बाकीच्यांना बायकांचं सांगणं पोकळ बडबड वाटलेली. येशू मध्ये येऊन उभा राहतो, हातपाय दाखवतो, आणि लूक लिहितो की आनंदामुळं त्यांना खरंच वाटेना. मग तो विचारतो, इथं खायला काही आहे का? भाजलेल्या माशाचा तुकडा त्याला देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. घरात तळणीचा वास असताना हे वाचलेलं चांगलं. तिथून शेवटची दोन वचनं: मोठ्या आनंदानं परत. मग कपडे बदलून रात्रीच्या उपासनेला जावं. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च शहरात आजही आहे. तिथं असो, कोडोलीला असो की एखाद्या वाडीतल्या पत्र्याच्या खोलीत, त्या रात्री पुन्हा गव्हाणीचीच वीस वचनं वाचली जातील. ‘मोठा आनंद’ हे शब्द आले की मुलं एकमेकांकडं बघतात, कारण शेवट त्यांना ठाऊक झालेला असतो.

आणि 26 तारीख? लूकनं दुसरंही पुस्तक लिहिलं आहे, प्रेषितांची कृत्ये, 28 अध्यायांचं. ते 26 डिसेंबरला सुरू केलं की 22 जानेवारीला संपतं. मरगळीच्या दिवशी पहिला अध्याय फक्त 26 वचनांचा आहे, ही सोय. 31 तारखेला सहावा, तो मध्यरात्रीच्या उपासनेला निघण्याआधी उरकावा. 1 जानेवारीला मात्र सातवा येतो, 60 वचनांचा, आणि शेवटी स्तेफनाला दगडमार. नववर्षाच्या सकाळी फार जड जातं, निम्मा 2 तारखेवर ढकलावा. तसाही आठव्या अध्यायात छळामुळं पांगलेल्यांनी शोमरोनात सुवार्ता नेल्यावर त्या नगरात मोठा आनंद झाला असं येतं, म्हणजे दोन्ही एकाच बैठकीत वाचलेली बरी. 10 जानेवारीला फिलिप्पैची बंदिशाळा: पौल आणि सीला फटके खाऊन खोड्यात अडकलेले, मध्यरात्री गाताहेत. भूकंप होतो, दारं उघडतात, आणि बंदिशाळेचा नायक त्यांच्या जखमा धुऊन त्यांना घरी नेऊन जेवू घालतो आणि घरच्या सगळ्यांसकट आनंद करतो. डब्यात काही उरलं असेल तर ते त्या रात्री काढावं.

ज्यांना त्यापुढंही चालू ठेवायचं आहे त्यांनी 23 जानेवारीपासून त्याच फिलिप्पैकरांना पौलानं बंदिवासातून लिहिलेलं पत्र घ्यावं. चारच अध्याय, 104 वचनं, चार रात्री. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे चौथ्या अध्यायात आहे. तो 26 तारखेला येतो. सकाळी शाळेत झेंडावंदन असतं आणि मुलं पाचला उठलेली असतात, तेव्हा त्या दिवशी जेवणाची वाट न बघता दिवेलागणीलाच वाचून घ्यावा.